अनागत दुःख आणि देवीची लस

कुंभार पिंपळगाव हे घनसावंगी तालुक्यातील, गोदावरीच्या खोऱ्यातले, बाजाराचे गाव. या गावात काय किंवा मराठवाड्यातील दुसऱ्या कोणत्याही गावात काय, पन्नाशी उलटलेल्या माणसाने बाही वर सारली की दंडावर खोलगट, वाटोळे व्रण दिसतात. लहानपणी देवी काढल्या त्याच्या त्या खुणा. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीनंतर जन्मलेल्यांचे दंड मात्र स्वच्छ आहेत. एकाच ओसरीवर बसलेल्या आजोबा-नातवांच्या देहांवरील हा भेद म्हणजे मनुष्यजातीच्या एका अपूर्व यशाचा दाखला आहे, कारण ज्या रोगाने हजारो वर्षे घरोघरची पोरे नेली, जी वाचली त्यांतील कित्येकांचे डोळे नेले आणि उरलेल्यांच्या चेहऱ्यांवर जन्मभराची मोहोर उमटवली, तो रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याची घोषणा जागतिक आरोग्य परिषदेने ८ मे १९८० रोजी केली. परंतु नातवाच्या दंडावर खूण नाही याचाच दुसरा अर्थ असा, की त्याचा देह त्या रोगापुढे आज सर्वस्वी उघडा आहे. या उघडेपणाचा फायदा एखादा शत्रू घेईल काय, आणि तो घेईल या भीतीने साऱ्या निरोगी प्रजेला पुन्हा लस टोचावी काय, असा वाद २००१ नंतर अमेरिकेत मोठ्या हिरिरीने झाला. तो वैद्यकाचा आणि राज्यकारभाराचा म्हणून लढला गेला. माझ्या मते तो मुळात धर्मविचाराचा आहे: जे दुःख अद्याप आलेले नाही, कदाचित कधी येणारही नाही, त्याच्या निवारणासाठी आज, निश्चितपणे, काही निरपराध माणसांना दुःख देण्याचा अधिकार समाजास आहे काय?

या रोगाला आपल्याकडे देवी म्हणत, हे विसरून पुढे जाता येणार नाही. मुलाच्या अंगावर फोड उठले की घरात आई आली, असे समजत. दाराला लिंबाचा डहाळा बांधीत, चुलीवर फोडणी देत नसत, पुरुष दाढी-हजामत करीत नसत, आजाऱ्याला दहीभातासारखे थंड अन्न देत आणि परक्याला उंबरठ्याच्या आत येऊ देत नसत. शीतळा ही गाढवावर बसून येते, तिच्या हातांत केरसुणी आणि पाण्याचा कलश असतो, मस्तकावर सूप असते. नावातच कुंभार असलेल्या या गावाला देवीचे हे वाहन काही परके नव्हे. या साऱ्या आचाराला अज्ञान म्हणून मोडीत काढणे सोपे आहे. परंतु लिंबाचा तो डहाळा पाहून पाहुणा बाहेरूनच परत फिरे, आणि ज्यांना पूर्वी देवी येऊन गेल्या अशीच म्हातारी माणसे बहुधा आजाऱ्याची उशागत सांभाळीत, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या श्रद्धेच्या पोटात विलगीकरणाचे एक शहाणपण नांदत होते, हे मान्य करावे लागते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की या कल्पनेत रोगाला हेतू होता, पण वैर नव्हते. देवी कोपली तरी ती आईच. तिच्याशी भांडण करावयाचे नाही, तिची मनधरणी करावयाची. ज्या समाजाने मृत्यूच्या एवढ्या मोठ्या कारणाला आई म्हटले, त्या समाजाला हे मरण कोणी बाटलीत भरून दुसऱ्यावर सोडील ही गोष्ट कल्पनेतही आली नसती.

लस आली ती या श्रद्धेच्या पार्श्वभूमीवर. एडवर्ड जेन्नरने १४ मे १७९६ रोजी गाईच्या देवीचा रस एका आठ वर्षांच्या मुलाच्या दंडात घातला, आणि सहा वर्षांनी, १४ जून १८०२ रोजी, बगदाद-बसऱ्याच्या वाटेने आलेली लस मुंबईत तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉल हिला टोचली गेली. हिंदुस्थानातले ते पहिले लसीकरण. पुढे मुंबई शहरात १८७७ साली सक्तीचा कायदा झाला, १८८० साली ब्रिटिश हिंदुस्थानातील काही नगरपालिका व छावण्यांसाठी कायदा झाला, आणि बेळगावच्या संस्थेत मुंबई इलाख्याची लस तयार होऊ लागली. मात्र सक्ती आणि विश्वास या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि विश्वासावाचून केलेल्या सक्तीचे फळ काय येते हे १८९७ च्या प्लेगात पुण्याने पाहिले आहे.

लसीला तत्त्वाच्या भूमिकेवरून विरोध करणारा या देशातला सर्वांत मोठा पुरुष म्हणजे महात्मा गांधी. वासराच्या अंगावर रोग वाढवून त्याचा द्रव माणसाच्या रक्तात घालणे त्यांना हिंसेचे आणि अमंगळ वाटे, आणि शरीरशुद्धी व संयम यांनी रोग टळतो अशी त्यांची निष्ठा होती. १९३० च्या आरंभी, दांडीयात्रेच्या तोंडावर, साबरमतीच्या आश्रमात देवीची साथ आली आणि तीन मुले दगावली. त्यांत आश्रमाच्या प्रार्थनेला सूर देणारे मराठी गायक, विष्णु दिगंबरांचे शिष्य, पंडित नारायण मोरेश्वर खरे यांचा मुलगा होता. १२ मार्च रोजी पंडितजी तेच दुःख उराशी घेऊन यात्रेत चालले. त्या मुलांच्या मृत्यूचा भार आपल्या शिरावर आहे, ही वेदना गांधींनी लपविली नाही. पण मत सोडले नाही. गांधींविषयी नितांत आदर बाळगूनही मला असे म्हणावेसे वाटते, की येथे त्यांच्या निष्ठेची किंमत दुसऱ्याने दिली. प्रौढ मनुष्याने आपल्या देहाविषयी जो निर्णय घ्यावयाचा तो बालकाच्या देहावर लादता येत नाही. रोग दारात उभा असताना लस नाकारणे हे त्या बालकावर अन्याय करणे होय. मात्र हे विधान "रोग दारात उभा असताना" या अटीवर उभे आहे. ती अट काढून घेतली की विधानही राहत नाही, आणि माझ्या साऱ्या प्रतिपादनाचा आधार तीच अट आहे.

याच्या उलट बाजूची एक हकीकत तितकीच विचार करायला लावणारी आहे. निर्मूलनाच्या शेवटच्या पर्वात, १९७५ च्या सुमारास, तेव्हाच्या बिहारमधील सिंहभूम भागात हो नावाच्या आदिवासी जमातीच्या एका प्रमुखाच्या घरात सरकारी पथक रात्रीच्या वेळी दार मोडून शिरले आणि झटापट करून त्याला व त्याच्या घरच्यांना लस टोचली. पथकाबरोबर असलेले अमेरिकन डॉक्टर लॉरेन्स ब्रिलियंट यांनी ही हकीकत पुढे स्वतःच लिहून ठेवली. टोचणे पार पडल्यावर तो प्रमुख परसात गेला, त्याने वेलीवरची फळभाजी तोडून आणली आणि ती आलेल्या मंडळींपुढे ठेवली. त्याच्या बोलण्याचा आशय असा होता: रोग देणे न देणे हे देवाच्या हाती, म्हणून सुईला विरोध करणे हा माझा धर्म, तो मी केला, तुम्ही तुमचे कर्तव्य समजून जबरदस्ती केलीत, आता तंटा संपला आणि तुम्ही माझ्या घरी पाहुणे आहात. या प्रसंगात कोणाचे बरोबर होते? देवी तेव्हा त्या मुलखात खरोखरच माणसे मारीत होती, आणि एक घर सुटले असते तर शेजारची दहा घरे धोक्यात आली असती; म्हणून पथकाच्या कृत्याला काही आधार आहे, असे मी जड अंतःकरणाने कबूल करतो. परंतु नैतिक उंची त्या रात्री कोणाची अधिक होती, याविषयी माझ्या मनात तिळमात्र संदेह नाही. आपली सक्ती अपराधासारखी बोचली पाहिजे, एवढे तरी सत्तेने त्या माणसाकडून शिकावे.

आता एक वस्तुस्थिती नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचा सारा वाद तिच्यावर फिरतो. देवीचा नाश सर्वांना सरसकट लस टोचल्याने झाला, ही समजूत अपुरी आहे. आपल्या देशात १९६२ साली राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला तो शेकडा ऐंशी लोकांना टोचण्याचे उद्दिष्ट घेऊनच. कागदोपत्री टोचण्यांचे आकडे फुगत गेले, आणि तरीही १९७४ साली भारतात १,८८,००० च्या सुमारास रुग्ण नोंदले गेले. याचे कारण असे, की सरसकट मोहिमेत जे सहज सापडतात त्यांनाच पुन्हा पुन्हा टोचले जाते, आणि जे रस्त्याच्या कडेला, पालांत, वीटभट्ट्यांवर राहतात ते राहून जातात. रोग नेमका त्यांच्यातच फिरत असतो. विल्यम फेगी या डॉक्टराला १९६६ च्या डिसेंबरात नायजेरियात लस अपुरी पडली, तेव्हा त्याने रुग्ण शोधून त्याच्या भोवतीच्या माणसांचे कडे तेवढे टोचले, आणि साथ थांबली. तीच पद्धत १९७३ पासून भारतात आली. कार्यकर्त्यांनी दहा कोटींहून अधिक घरांचे उंबरठे झिजवले, हातात देवीच्या रुग्णाचे चित्र घेऊन बाजारांत व शाळांत विचारणा केली, खबर देणाराला बक्षीस लावले, जे १९७५ मध्ये हजार रुपयांपर्यंत गेले. आणि जेथे रुग्ण सापडला तेथे घरावर पहारा बसवून आसपासच्या सर्वांना दुतोंडी सुईने टोचले. मे १९७५ मध्ये भारतातील शेवटचा रुग्ण नोंदला गेला. जगातील नैसर्गिक देवीचा शेवटचा रुग्ण ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियात सापडला. त्यानंतर १९७८ साली बर्मिंगहॅमच्या विद्यापीठात प्रयोगशाळेतून निसटलेल्या विषाणूने जेनेट पार्कर या छायाचित्रकार स्त्रीचा बळी घेतला, आणि ज्यांच्या प्रयोगशाळेतून तो निसटला त्या प्राध्यापकाने आत्महत्या केली. देवीने घेतलेला शेवटचा बळी अशा रीतीने निसर्गाच्या खात्यावर पडत नाही. तो मनुष्याने जतन करून ठेवलेल्या मरणाचा बळी आहे.

रोगाला शस्त्र करण्याची बुद्धी मात्र फार जुनी आहे. १७६३ साली अमेरिकेतील पिट किल्ल्यात वेढलेल्या इंग्रजांनी बोलणी करण्यास आलेल्या आदिवासी प्रतिनिधींना देवीच्या रुग्णालयातील घोंगड्या भेट म्हणून दिल्या. विसाव्या शतकात सोव्हिएत रशियाने देवीच्या विषाणूचे शस्त्र मोठ्या प्रमाणावर तयार केले होते, असे त्या कार्यक्रमातील वरिष्ठ अधिकारी केन अलिबेक याने अमेरिकेत आल्यावर १९९९ साली पुस्तक लिहून उघड केले. ज्या राष्ट्राने १९५८ साली देवी निर्मूलनाचा ठराव जगापुढे मांडला आणि कोट्यवधी मात्रा लस दान केली, त्याच राष्ट्राच्या दुसऱ्या हाताने हे काम चालावे, ही घटना मनुष्यस्वभावाविषयी जे सांगते ते कोणत्याही धर्मग्रंथाहून अधिक भेदक आहे.

२००१ च्या शरद ऋतूत न्यूयॉर्कचे मनोरे पडले आणि पाठोपाठ टपालातून ॲन्थ्रॅक्सची भुकटी येऊन पाच माणसे मेली. तेव्हा उद्या देवी सोडली तर काय, ही धास्ती साऱ्या अमेरिकेच्या मनात बसली. १३ डिसेंबर २००२ रोजी अध्यक्ष बुश यांनी सैनिकांना लस सक्तीची केली, सुमारे पाच लाख आरोग्य कर्मचाऱ्यांना ती ऐच्छिक म्हणून देऊ केली, आणि सामान्य जनतेला तूर्त आवश्यकता नाही असे सांगितले. पंडितांत दोन पक्ष पडले. एक म्हणे, हल्ला झाल्यावर गोंधळात टोचत बसण्यापेक्षा शांततेच्या काळात सर्वांनाच टोचा. दुसरा म्हणे, ही लस जिवंत विषाणूची आहे, पहिल्यांदा टोचलेल्या दहा लाखांत एकदोघे मरतात आणि काही डझन मरणाच्या दारात जाऊन येतात, मग कोट्यवधींना टोचून शेकडो निश्चित मृत्यू कोणत्या हिशेबाने पत्करावयाचे? प्रत्यक्षात पाच लाखांऐवजी चाळीस हजारांच्या आतच कर्मचाऱ्यांनी दंड पुढे केला. कित्येक रुग्णालयांनी नकार दिला, हृदयाला सूज येण्याचे प्रकार ध्यानात आले, आणि अपाय झालेल्यांना भरपाई देण्याचा कायदा तर मोहीम सुरू झाल्यावर, एप्रिल २००३ मध्ये झाला. इराककडे देवीचे शस्त्र असल्याचा संशय सांगितला गेला होता. युद्ध झाले, शोध झाला, तेथे तसे काही सापडले नाही.

या वादात एक गोष्ट पुरेशी तोलली गेली नाही, असे मला वाटते. या लसीचा विषाणू टोचलेल्या माणसाच्या दंडावरच थांबत नाही. इसब असलेल्या बालकाला, क्षीण प्रतिकारशक्तीच्या रुग्णाला, गर्भवती स्त्रीला तो स्पर्शाने लागू शकतो आणि भयंकर रूप धारण करू शकतो. म्हणजे स्वसंरक्षणाची ही कृती शेजाऱ्याच्या आजारी मुलावर शस्त्र होऊ शकते. स्वेच्छेने जोखीम पत्करणारा मनुष्य आपल्यापुरता मोकळा आहे. परंतु ज्याला विचारलेच नाही अशा तिसऱ्यावर ती जोखीम जाते तेव्हा स्वेच्छेचे समर्थन पुरत नाही, त्याला प्रत्यक्ष संकटाचा आधार लागतो.

कुंभार पिंपळगावापासून थोड्याच अंतरावर जांब आहे. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली तेथे झाला. दासबोधाच्या तिसऱ्या दशकात समर्थांनी त्रिविध तापांचे विवेचन केले आहे: आपल्याच देहात, इंद्रियांत आणि प्राणांत जे उपजते ते आध्यात्मिक दुःख, इतर प्राणिमात्रांच्या संबंधाने जे भोगावे लागते ते आधिभौतिक, आणि तिसरे आधिदैविक. या वर्गीकरणाकडे आपण कीर्तनात ऐकण्याची गोष्ट म्हणून पाहतो. पण या प्रश्नावर ते जेवढा प्रकाश टाकते तेवढा मला दुसऱ्या कशात आढळला नाही. देवी जोवर आपल्या वाटेने घरात येत होती, तोवर ती देहाच्या व्याधींत मोडत होती, आणि व्याधीवर औषध हा सरळ न्याय होता. तीच देवी कोणी कुपीतून काढून शहरावर सोडली, की ती दुसऱ्या प्राण्याने दिलेले दुःख होते. फोड तेच, ताप तोच, मरण तेच; पण तापाची जात बदलली, आणि जात बदलली की उपायाची जागाही बदलते. चोराने दिलेल्या दुःखावर गावाने केवळ कुलुपे वाढवीत बसायचे नसते, चोराचा बंदोबस्त करायचा असतो.

पतंजलींनी अद्याप न आलेले दुःख टाळावे असे सांगितले आहे, आणि भाष्यकार व्यासांनी त्याचे कारण दिले आहे की भोगून झालेले दुःख संपले, चालू क्षणाचे भोगलेच जाते, म्हणून टाळण्यासारखे उरते ते येणारे. सर्वांना लस टोचावी असे म्हणणाऱ्या पक्षाला हे वचन अनुकूल वाटेल. परंतु त्याच भाष्यात योगशास्त्राची रचना चिकित्साशास्त्रासारखी चतुर्विध सांगितली आहे: रोग, रोगाचा हेतू म्हणजे कारण, आरोग्य आणि औषध. टाळावयाच्या दुःखाचा निर्देश केला की त्याचा हेतू सांगितल्याविना शास्त्र औषधाकडे वळत नाही. आपल्या प्रश्नात हेतू कोणता? देवीचा विषाणू आज निसर्गात कोठेही नाही. तो मनुष्यावाचून दुसऱ्या कोणत्याही प्राण्यात राहत नाही, म्हणूनच तर त्याचे निर्मूलन झाले. तो अधिकृतपणे उरला आहे तो दोनच ठिकाणी: अमेरिकेत अटलांटा येथे आणि रशियात सायबेरियातील कोल्त्सोवो येथे. ज्या भयाने कोट्यवधींचे दंड टोचावयाचे त्या भयाचे मूळ असे दोन प्रबळ सत्तांच्या शीतपेट्यांत आहे, आणि हेतू जसाच्या तसा ठेवून औषधाचा भार निरपराध प्रजेवर घालणे हे चिकित्सेच्याही विरुद्ध आहे आणि न्यायाच्याही.

यावर समंजस आक्षेप आहे, आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. आक्षेपक म्हणेल, हेतू नष्ट होईल तेव्हा होईल. तोवर हल्ला झालाच तर आमच्या मुलांचे काय? याचे उत्तर भारताच्याच अनुभवात आहे. देवी गोवराइतक्या वेगाने पसरत नाही. मनुष्य बहुधा अंगावर पुरळ उठू लागल्यावर, म्हणजे आजारी होऊन अंथरुणाला खिळल्यावर ती दुसऱ्याला देतो. आणि संसर्ग झाल्यानंतरही तीनचार दिवसांच्या आत लस मिळाली तर रोग टळतो किंवा सौम्य होतो. तेव्हा लसीचा साठा तयार ठेवणे, रुग्ण ओळखणारे डोळे प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत शिकवून ठेवणे, कडे करण्याची ती जुनी विद्या विसरू न देणे, आणि जे डॉक्टर व परिचारिका प्रथम पुढे होतील त्यांना संपूर्ण माहिती देऊन, भरपाईची आगाऊ हमी देऊन, त्यांच्या संमतीने आधी टोचणे, एवढी तजवीज केली की दक्षतेचे कर्तव्य पार पडते. जांबच्या त्या पुरुषाने सावधपण आणि प्रयत्न यांचा उपदेश केला तो अशा सावधपणाचा. भयाने सर्वांगाला चटके देऊन घेणे ही दक्षता नव्हे. ज्या दिवशी एक जरी रुग्ण खरोखर सापडेल त्या दिवशी माझे मत निराळे असेल. त्या दिवशी कड्यातील प्रत्येक घराने दंड पुढे केला पाहिजे, आणि त्या वेळी मी गांधींच्या बाजूस उभा राहणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक बिकट आहे. २०१८ साली कॅनडातील शास्त्रज्ञांनी देवीच्या जवळचा, घोड्यांना होणारा विषाणू बाजारातून मागविलेल्या जनुकखंडांपासून जुळवून दाखविला. तेव्हा शीतपेट्या रिकाम्या केल्या तरी विद्या शिल्लक राहील, मग नाशाचा काय उपयोग? उपयोग असा, की ज्याच्या घरात विष आहे त्याला दुसऱ्याच्या घरातील विषाविरुद्ध बोलण्याचा अधिकार नसतो. साठे नष्ट झाल्यावर जो कोणी देवी पुन्हा घडवील तो साऱ्या मानवजातीविरुद्ध गुन्हेगार ठरेल, आणि त्याला संशोधनाची सबब सांगता येणार नाही; आज ती सबब दोन सरकारे उजळ माथ्याने सांगतात. भारताने या रोगाशी झुंजताना लक्षावधी मुले गमावली, सक्ती सोसली, सक्ती केलीही. जागतिक आरोग्य परिषदेत हे साठे नष्ट करा असा आग्रह धरण्याचा आपल्याइतका अधिकार थोड्याच देशांना आहे, आणि तो आपण पुरेशा जोराने बजावला पाहिजे. साठ्यांच्या नाशासाठी पहिली मुदत १९९३ ची ठरली होती, नंतर १९९९ ची. त्यानंतरही ती पुढे ढकलली गेली, आणि दोन्ही ठिकाणचे साठे आजही शाबूत आहेत.